पत्रास उत्तर: आयाळ, शेपूट आणि रंगाची भानगड

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा उलगली की पुढचे दोन-तीन महिने माझ्या टपालाचा नूर पालटतो. एरवी म्हशीचं उलटणं (गाभ न राहता पुन्हा माजावर येणं), शेळ्यांची पोटफुगी, वासराचे जंत. आणि मग अचानक घोडा, घोडा आणि घोडा. पशुधन विकास अधिकारी म्हणून खानदेशात नोकरी केली, तेव्हापासूनची ही सवय आहे. यंदा मात्र गंमत अशी की निम्म्याहून जास्त पत्रं केसांबद्दल आली आहेत. म्हणून हा अंक आयाळ-शेपटीला. म्हशीवाल्यांनी रागावू नये, त्यांची पत्रं पुढच्या वेळी घेते.

डॉक्टरताई, सारंगखेड्याहून घोडा आणला. विकणाऱ्याने मुश्की, म्हणजे पूर्ण काळा, म्हणून दिला. आयाळ इतकी काळी की निळी झाक मारायची. महिना झाला, आता शेपटीच्या केसांत बुडाशी तांबूस रंग दिसतो. घरचे म्हणतात उन्हाने झालं. खरं काय?
— एक वाचक, धुळे जिल्हा

दादा, ऊन केसाला टोकाकडून खातं. लावलेला रंग बुडाकडून उघडा पडतो. तुमच्या पत्रातला ‘बुडाशी’ हा शब्द वाचला आणि बाकीचं पत्र वाचायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं.

आयाळीचा आणि शेपटीचा केस अंगावरच्या केसासारखा ऋतूला गळून नवा येत नाही. तो वर्षानुवर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. म्हणजे टोक सगळ्यात जुनं, आणि ऊन, घाम, धूळ सगळ्यात जास्त त्याने सोसलेली. काळ्या घोड्याचा काळेपणा मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते मोडतं. म्हणून खऱ्या काळ्या घोड्याची आयाळ खाली टोकाला गंजल्यासारखी तांबूस आणि वर मुळाशी काळीकुट्ट दिसते. तुमच्याकडे उलटं आहे. वर तांबूस, खाली काळं. महिन्याभरात जेवढा केस नवीन उगवला, म्हणजे बोटाच्या पेराएवढा, तेवढा त्याच्या जन्माच्या रंगात आला.

आता यातली खरी मेख पुढे आहे. घोडा कुमैत असता, म्हणजे अंग तपकिरी आणि पाय, आयाळ, शेपूट काळी, तर शेपटीला रंग फासायची गरजच नव्हती, ती मुळातच काळी असते. शेपटीच्या मुळाशी तांबूस केस येतोय याचा अर्थ जनावर मुळात तांबडं आहे. तांबड्या घोड्याच्या केसात काळं रंगद्रव्य तयारच होत नाही, अंगातही नाही आणि आयाळीतही नाही. त्याची आयाळ अंगासारखी तांबडी किंवा अंगाहून फिकी असते, काळी कधीच नसते. म्हणजे तुम्हाला नुसती आयाळ रंगवून दिलेली नाही, अख्खा घोडा रंगवून दिला आहे. कान, गुडघे, जांघ नीट तपासा.

तपासायचं कसं तेही सांगते, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. ओला पांढरा रुमाल चोळून बघतात, पण त्याने फक्त हलका रंग पकडला जातो. चांगला केसांचा डाय पाण्याने निघत नाही. त्यापेक्षा शेपूट उचला आणि शेपटीच्या दांड्याची खालची बाजू बघा. तिथे केस नसतात, नुसती कातडी असते, आणि कडेचे बारीक केस रंगवणाऱ्याच्या हातून हमखास सुटतात. कानाच्या आतली लव बघा, ओठांच्या कडा, मांड्यांच्या आतली बाजू, खोगिराचा तंग बसतो तिथली काख. शिवाय आयाळ बाजूला सारून मानेची कातडी बघा. डाय केसाला लागतो तसा कातडीलाही लागतो आणि कोंड्यासारख्या काळ्या खपल्या दिसतात. हे सगळं भर दुपारी बघायचं. संध्याकाळच्या बल्बच्या उजेडात सगळे घोडे मुश्कीच असतात.

एक सावधगिरी. तोंडाशी आणि बरगड्यांमागे तपकिरी झाक असलेला काळसर घोडा दिसला म्हणून लगेच फसवणूक म्हणू नका. तो बहुतेक तेलिया कुमैत असतो. विकणारा त्याला मुश्की म्हणेल, पण रंग त्याचा स्वतःचाच असतो.

आपणच भोळे असं वाटून घेऊ नका. २०२२ साली पंजाबात संगरूर जिल्ह्यात एका गृहस्थाने काळा, मारवाडी जातीचा म्हणून बावीस लाखांच्या वर मोजून घोडा घेतला, घरी आणून आंघोळ घातली आणि काळा रंग नाल्यात गेला. आतून तांबडा निघाला. पोलिसांत प्रकरण गेलं, पेपरांत आलं.

तुम्ही काय करावं? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडा नेऊन रंगाची आणि खुणांची नोंद लेखी घ्या, मुळांचे जवळून फोटो काढा, पावती जोडा आणि विकणाऱ्याला गाठा. पावतीवर रंग लिहिला नसेल तर बाजू लंगडी पडते. इथून पुढे लिहून घेत जा. रंग काढायला रॉकेल, ब्लीच, सोडा असलं काही लावू नका. पुन्हा काळा करायच्या भानगडीतही पडू नका. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, ज्याने माणसांच्या डोक्याला फोड येतात, घोड्याच्या कातडीचंही तेच होऊ शकतं. अंगावरचे केस पुढच्या झडणीत बदलतील, आयाळीला मात्र वर्षं लागतील.

आणि पैदाशीचा विचार असेल तर ऐका. तांबड्या घोड्याला तांबडी घोडी दाखवली तर शिंगरू तांबडंच होतं, त्याला अपवाद नाही. काळं शिंगरू हवं असेल तर काळेपण घोडीकडून यावं लागेल.

ताई, माथेरानला आमचा पांढरा घोडा आहे. शेपूट कायम लाल-पिवळी. पर्यटक फोटोसाठी पांढरी शेपूट मागतात. काय लावू?
— एक घोडेवाला

लाल माथेरानच्या मातीचं, पिवळं लघवीचं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

माती सुटी असताना काढायची. ओली करून घासलीत तर ती केसात मुरते. आधी पूर्ण सुकू द्या, शेपूट झटका, बोटांनी मोकळी करा आणि मगच पाणी. रिठ्याचं पाणी रात्रभर भिजवून गाळून घ्या. बादलीत शेपूट बुडवून दांड्यापर्यंत चोळा आणि सोडून भरपूर पाण्याने धुवा. रिठा केसात राहिला की खाज, आणि खाज सुटली की घोडा झाडाला बूड घासतो, मग तुम्ही मला दुसरं पत्र लिहिता.

पिवळ्यासाठी शेवटच्या बादलीत कपड्याची नीळ, तीही इतकी थोडी की पाणी आभाळाच्या रंगाचं दिसावं. पिवळ्यावर निळी झाक पडली की डोळ्याला पांढरं दिसतं. परदेशात जांभळे शाम्पू विकतात, त्यांच्यात हीच युक्ती आहे. नीळ जास्त झाली तर पर्यटकांना निळ्या शेपटीचा फोटो मिळेल, त्याचेही कदाचित पैसे देतील. लघवीत भिजणारा पेंढा रोज बदला, नाहीतर नीळ लावून लावून थकाल.

आता केस विंचरण्याबद्दल, कारण माथेरानच्या कितीतरी घोड्यांच्या शेपट्या उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. लोखंडी कंगवा वरून खाली ओढायचा नाही. उजव्या हाताने शेपटीचा झुबका मधोमध घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही, आणि खालच्या टोकापासून वर वर सोडवत या. गाठ आली तर बोटांनी, दोन थेंब खोबरेल लावून. महिन्याला दोन-अडीच सेंटीमीटर वाढणारा केस मीटरभर व्हायला साडेतीन-चार वर्षं लागतात. कंगव्याच्या एका हिसक्यात त्यातले वीस-पंचवीस जातात.

आयाळ दाट होण्यासाठी कोणतं तेल उत्तम? खोबरेल, बदाम की सरकी?
— एक वाचक, अकलूज

कोणतंच नाही. बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला तेल पाजून तो वाढत नाही. गुंता सोडवायला थेंबभर पुरे. थापून लावलंत तर धूळ चिकटते आणि उन्हात मान तापते.

दाटपणा चंदीत, म्हणजे खुराकात आहे. लसूणघास चांगला, थोडं जवस चांगलं, पण जवस उकळून द्या. नुसतं भिजवून ठेवलेलं कच्चं जवस नको, त्यात सायनाइड सुटतं. तांबं आणि जस्त कमी पडलं तरी केस निस्तेज होतात, म्हणून घोड्यासाठीचं खनिज मिश्रण द्या. घोड्यासाठीचं, हे मुद्दाम म्हणते आहे. कोंबड्यांच्या आणि काही वेळा गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. त्यांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने निकामी होतात, आणि घोडा मरतो. स्वस्त मिळालं म्हणून शेजारच्या पोल्ट्रीतून पोतं उचलू नका.

मॅडम, आमची घोडी अंगाने भरलेली, खाते-पिते, खाज नाही, जखम नाही. पण आयाळ हातात येते. मूठभर केस सहज निघतात. शेपूट तर उंदराची झाली. शेळ्यांसोबत एकच चारा आहे, शेळ्या ठणठणीत आहेत. करणी असल्याचं लोक सांगतात.
— एक शेतकरी, इंदापूर तालुका

शेळ्या ठणठणीत आहेत हे तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. मी तुम्हाला फोन केला होता आणि विचारलं की शेळ्यांना काय घालता. ‘बांधावरचा सुबाभूळ, डहाळ्या तोडून,’ तुम्ही म्हणालात. करणी नाही हो, सुबाभूळ आहे.

सुबाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत, मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. केसाच्या मुळाशी ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांची वाढ ते थांबवतं. केस तुटत नाही, मुळातून सुटून येतो. म्हणून खाज नाही, खपली नाही, नुसती गळती. ही ताकद एवढी आहे की मेंढ्यांची लोकर कात्रीशिवाय उतरवता येईल का म्हणून शास्त्रज्ञांनी मिमोसिन वापरूनही पाहिलं होतं.

मग शेळ्यांना काही का होत नाही? कारण शेळी रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असे जिवाणू राहतात की जे मिमोसिन मोडून टाकतात. ही गोष्टही मोठी रंजक आहे. ऑस्ट्रेलियातली गुरं सुबाभूळ खाऊन आजारी पडायची आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला मजेत खायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागला. त्या जिवाणूला पुढे जोन्सचंच नाव मिळालं. घोडी रवंथ करत नाही. तिचा चारा आंबतो तो पार मागे, मोठ्या आतड्यात, आणि तोवर मिमोसिन रक्तात गेलेलं असतं.

आजपासून सुबाभूळ पूर्ण बंद. ‘थोडासा’ही नको. आधी आयाळ आणि शेपूट जाते कारण तिथले केस सतत वाढत असतात. पण केस आणि खूर हे एकाच प्रकारच्या पदार्थाचे. म्हणून खुरांवर आडव्या रेघा, वळ्या उमटल्यात का बघा, आणि घोडी पाय राखून चालते का तेही. तसं असेल तर नालबंदाआधी डॉक्टरला बोलवा. गाभण असेल तर मला लगेच कळवा. चारा बंद केल्यावर गळती थांबते. नवे केस बारीक खुंटासारखे उभे दिसायला लागतील. पहिल्यासारखी शेपूट व्हायला मात्र वर सांगितला तोच हिशेब, वर्षांचा. तोवर माश्यांसाठी तिला जाळीची झूल घाला, कारण हाकलायला शेपूटच उरलेली नाही.

केस आणि खूर असे एकदमच जाण्याचं आणखी एक कारण आहे, सेलेनियम. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरच्या काही पट्ट्यांत मातीतच ते जास्त आहे आणि तिथल्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांत हे दिसतं. इंदापुरात तुम्हाला त्याची काळजी नको. पण केस गळतात म्हणून कुणी सेलेनियमची पावडर सुचवली तर घेऊ नका, जास्त झाली तर तीच केस घालवते.

घोडी शेपटीचं बूड खांबाला घासते. देठाजवळ केस तुटून खुंट झालेत. लीद तपासली, जंत नाहीत म्हणाले. आयाळ मात्र चांगली आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

आयाळ चांगली आहे ना, मग मला संशय सुताळ्या जंताचाच आहे, लीद काहीही म्हणो. या जंताची मादी अंडी लिदीत टाकत नाही. ती गुदद्वारातून बाहेर येते, भोवतीच्या कातडीवर चिकट लगद्यात अंडी घालते, तो लगदा वाळतो आणि घोडीला वेड्यासारखी खाज सुटते. लिदीत अंडी सापडतील कशी?

सकाळी खराऱ्याआधी, बूड पुसायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वाराच्या कडेला दाबून उचला, काचेवर चिकटवा आणि दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. नुसत्या डोळ्यांनीही कधी कधी राखाडी-पिवळट थर दिसतो. औषध डॉक्टर वजनावर देतील. रोजच्या जंतनाशकाला हा जंत कधी कधी दाद देत नाही, तेव्हा एकदा देऊन मोकळं होऊ नका, पट्टी पुन्हा तपासा. तुमचं काम एवढंच की रोज ओल्या फडक्याने तो भाग पुसा आणि फडकं जाळा, धुऊन वापरू नका. घासलेला खांब, गव्हाण, दावणीची जागा गरम पाण्याने खरवडून धुवा, कारण अंडी तिथेच पडलेली असतात आणि चाऱ्याबरोबर परत पोटात जातात. माणसांना हा जंत लागत नाही, पोरांना पागेबाहेर काढायची गरज नाही.

एक गोष्ट पुरुष मोतद्दार लाजून बघत नाहीत, म्हणून मीच लिहिते. घोडीच्या दोन सडांच्या मधल्या घडीत मळ साठून काळा थर होतो. तो खाजला की तिला तिथे पोचता येत नाही, मग ती बूड घासते. कोमट पाण्याने हलक्या हाताने काढा, आधी तिला हाताची सवय करून. कितीतरी घोड्या एवढ्यावर घासायच्या थांबतात.

आयाळही घासली जात असती आणि पावसाळ्यात वाढून थंडीत कमी होत असती, तर मी चिलटांकडे बोट दाखवलं असतं. बारीक, डोळ्याला जेमतेम दिसणारी चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात आणि काही घोड्यांना त्यांच्या थुंकीचं वावडं असतं. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पंखा. चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही. तिन्हीसांजेला घोडा आत आणि पंखा चालू. लिदीचा उकिरडा आणि साचलेलं पाणी पागेपासून लांब. एवढं केलं की मलमाचा खर्च निम्मा होतो.

घोड्याच्या शेपटीत हाड असतं का? मग गाढवाची शेपूट वेगळी का दिसते?
— इयत्ता सहावी, नंदुरबार

शाब्बास, या अंकातला सर्वांत सरळ प्रश्न. असतं. पण फक्त वरच्या भागात. साधारण अठरा लहान मणके एकापुढे एक असतात, कुणाला थोडे कमी, कुणाला थोडे जास्त. त्याखाली लोंबतात ते नुसते केस. घोड्याला केस दांड्याच्या बुडापासून फुटतात, गाढवाला फक्त टोकाशी झुबका येतो. मंगोलियात एक रानघोडा आहे, प्रझेवाल्स्कीचा घोडा. त्याची आयाळ झेब्र्यासारखी ताठ उभी असते आणि कपाळावर झुलणारे केस मुळीच नसतात. चित्र काढून बघ.

आमच्याकडे घोडा आणि घोडी दोन्ही पांढरी. शिंगरू काळपट जन्मलं. गावात नको ते बोलतात. घोडीला दुसरा घोडा लागला असेल का?
— एक वाचक, माळेगाव यात्रेतला जुना खरेदीदार

घोडीच्या अब्रूला धक्का नाही. तुमची दोन्ही जनावरं सब्ज्या रंगाची आहेत. सब्जा जन्मतो काळा, तांबडा किंवा कुमैत, आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. सहा-आठ-दहा वर्षांत पुरा पांढरा. शिंगराच्या डोळ्यांभोवती बघा, चष्म्यासारखे करडे केस दिसले की समजायचं, हेही त्याच वाटेने जाणार. अंग पांढरं होऊनही आयाळ आणि शेपूट काही वर्षं राखाडी राहते, ती लवकर पांढरी करायचं औषध विचारू नका.

मुळात पांढरा असतो तो नुकरा. दोघांत फरक कातडीचा. नाकपुड्या आणि शेपटीखालची कातडी गुलाबी असेल तर नुकरा, काळी असेल तर सब्जा. बाजारात नुकऱ्याला भाव जास्त, म्हणून हे तुम्ही विसरू नका.

हे पांढरं होणं एका जनुकातल्या बदलामुळे होतं. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या गटाने तो २००८ साली शोधला. त्या जनुकाचा एक तुकडा दुबार लिहिला गेलेला आहे. २०२४मध्ये पुढचं कळलं, की तुकडा दोनदा असला तर घोडा हळूहळू पांढरा होतो आणि तीनदा असला तर झपाट्याने. आणि झपाट्याने पांढऱ्या होणाऱ्यांनाच काळ्या गाठींचा धोका जास्त. या गाठी म्हणजे मेलॅनोमा. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्यांत दहातल्या सात-आठ जणांना त्या होतात, आणि बहुतेक शेपटीखाली, गुदद्वाराभोवती. आई-बाप दोघांच्याही शेपट्या महिन्यातून एकदा उचलून हात फिरवा. हरभऱ्याएवढी टणक काळी गाठ लागली तर फोडू नका, डाग देऊ नका, मोजून तारीख घाला. वर्षानुवर्षं तशीच राहणाऱ्याही असतात. वाढली, फुटली किंवा लीद टाकायला अडली तर मात्र लगेच डॉक्टर.

मुलगी म्युनिकजवळ घोडेस्वारी शिकते. तिचा घोडा सोनेरी-तांबडा आणि आयाळ पांढरीशुभ्र. ती म्हणते रंगवलेली नाही. असं असतं?
— एक वाचक, सध्या जर्मनीत

असतं, आणि वर्णनावरून तो हाफ्लिंगर आहे. दक्षिण टायरोलच्या डोंगरातली जात. सगळे हाफ्लिंगर १८७४ साली जन्मलेल्या फोली नावाच्या एकाच घोड्यापर्यंत पोचतात. अंग तांबडं, आयाळ फिकी. वर धुळ्याच्या दादांना सांगितलं तेच इथे लागू, तांबड्याची आयाळ फिकी होऊ शकते, काळी नाही. सोनेरी अंग आणि पांढरी आयाळ असलेला दुसरा एक प्रकार असतो, पालोमिनो. त्यात रंग पातळ करणारं वेगळं जनुक असतं. मुलीला सांगा, तिथे ओठांवरच्या मिशा कापत नाहीत, जर्मनीत त्याला कायद्याने बंदी आहे, आणि २०२१च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही. आपल्याकडे यात्रेआधी त्या सर्रास भादरतात. घोडा अंधारात त्यांनी चाचपतो.

लग्नसराई आली. शेपटीला मेंदी, जरीच्या वेण्या, वर चमकी. घोड्याला त्रास होतो का?
— एक घोडेवाला, नाशिक

साधी पाल्याची मेंदी लावा, केशरी होईल. ‘काळी मेंदी’ नको, ती मेंदी नसतेच, तोच डाय असतो.

वेणीचं भय वेगळं आहे. जरीची लेस किंवा रबर शेपटीच्या दांड्यावर घट्ट आवळून रात्रभर ठेवलं की तिथलं रक्त थांबतं. दांड्यात मांस थोडं, वर पातळ कातडी. दुसऱ्या दिवशी शेपूट गार लागते, मग केस जातात, आणि कधी कधी टोकच सडतं. बांधणी केसांवर करा, हाडावर नको. बांधल्यावर खाली दोन बोटं गेली पाहिजेत. वरात संपली की नवरदेव उतरल्यावर पहिलं काम शेपूट सोडणं, पैशाचा हिशेब नंतर. पोलोवाले शेपूट गुंडाळून बांधतात ती काठीत अडकू नये म्हणून, आणि खेळ झाला की सोडतात, त्यांचं बघून दिवसभर बांधून ठेवू नका.

सारंगी शिकतो. गजाचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीचे, केस झिजले. मिरजेत बसवून मिळतील, पण आमच्या शेजारच्या घोड्याचे चालतील का? पांढरेच का लागतात?
— एक विद्यार्थी, सांगली

पांढरे केस काळ्यांपेक्षा बारीक आणि गुळगुळीत असतात, म्हणून वाजवणारे ते मागतात. काळे जाड असल्याने मोठ्या, खर्जाच्या वाद्यांच्या गजाला बरे पडतात. नराचे केस पसंत करतात, कारण घोडीची लघवी शेपटीवर उडते, नराची नाही. व्हायोलिनच्या गजात दीड-दोनशे केस भरतात आणि बाजारातला चांगला माल मंगोलिया, सायबेरियाच्या थंड मुलखातला असतो. तो बहुतेक कापलेल्या जनावरांचा, हेही माहीत असू दे.

शेजारचा घोडा पांढरा असेल तर त्याला कात्री लावू नका, मालकाला सांगून सोडवताना सुटलेले लांब केस जमवा. आडवे-तिडवे टाकू नका, मुळाची बाजू एकीकडे ठेवून जुडी बांधा. साबणाने धुवा, सावलीत वाळवा, आणि मिरजेच्या कारागिराला दाखवा. गजाच्या लांबीला पुरतील असे एकसारखे जाड दीडशे केस जमायला वेळ लागेल, तोवर राळ जरा कमी लावून जुन्यावरच भागवा.